वाळूवरची साय

रश्मी अवसरमल कुणाच्याही घरी गेली की आधी पाण्याकडे बघते. माठ कुठं ठेवलाय, त्यावर झाकण आहे का, ओगराळ्यानं घेतात की सरळ पेला बुडवतात. माणसांकडे नंतर. तिची आई सांगते, "एका स्थळाच्या घरी गेलो होतो. मुलगा समोर बसलाय, आणि ही बया उठून त्यांच्या मोरीतल्या टाकीत डोकावतेय! मग कसं जमायचं?"

"टाकीत डासांच्या अळ्या होत्या," रश्मी म्हणते.

"मुलात तर नव्हत्या ना?"

रश्मी आता चाळिशीला टेकलीय. मुलुंडला सोसायट्या संपतात आणि जंगलाची भिंत सुरू होते, त्या टेकडीच्या उतारावर मायलेकी राहतात. सकाळी बसनं अंधेरीला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका लॅबमध्ये. तिथं दिवसभर ती दुसऱ्यांचं पाणी तपासते: हॉटेलांचं, शाळांचं, पोहण्याच्या तलावांचं. संध्याकाळी परत येते तेव्हा तिच्या टेकडीवरच्या बायका विहिरीवर हंडे घेऊन उभ्या असतात. पालिकेचं पाणी खालच्या घरांपर्यंत कसंबसं चढतं, वरच्या आळीला ही विहीरच. पावसाळ्यात सगळ्या उताराची घाण धुपून तिच्यात उतरते.

अशाच एका श्रावणात रश्मीची धाकटी बहीण श्वेता उलट्या-जुलाबांनी गेली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो आहे. रश्मी त्याबद्दल बोलत नाही. वाळूबद्दल बोलते.

वाळूचा फिल्टर तिनं पहिल्यांदा बसवला तो दादू परबांच्या घरात. वरच्या आळीतलं अगदी शेवटचं घर. दादू मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत, गिरणी गेल्यावर वॉचमनकी, आणि आता सत्तरी ओलांडून ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेणं हे काम. बायको कमल, मूलबाळ नाही.

"उंच पिंप लागेल," रश्मीनं सांगितलं होतं. "खाली खडी, वर बारीक वाळू. स्वच्छ."

"वाळू माझ्याकडे लागली," दादू म्हणाले. मे महिन्यात गावी गेले आणि येताना एस्टीच्या टपावर पोतं टाकून आले. "बघ गो. साखरेवानी हा."

"काका, ही समुद्राची आहे."

"मगे? गावात समुद्रच हा. वाळू काय डोंगरावरसून आणू?"

"खारट असणार. शिंपल्यांचा चुरा आहे हिच्यात."

"शिंपल्यात मोती गावतत, रोग नाय गावत. धुतलंय मी धा पाण्यांनी."

त्यांचं मन मोडवेना, म्हणून रश्मीनं ती भरली. पहिला पेला प्यायला मंडळाचा अध्यक्ष सुयोग आला. रिक्षा चालवतो, तोंडाचा फटकळ. त्यानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "झकास आहे काका. काकींना सांगा, आता डाळीत मीठ वेगळं नको."

आळी आठवडाभर हसली. दादू हसले नाहीत. त्यांनी ते पिंप स्वतः रिकामं केलं, गावची वाळू परत पोत्यात भरली आणि पोतं पलंगाखाली सरकवलं. मग रश्मीबरोबर जाऊन खडी फोडणाऱ्या क्रशरची वाळू आणली आणि चाळायला बसले. चाळायची, बादलीत धुवायची, धुवायच्या पाण्याचा पेला उजेडात धरून बघायचा. गढूळ असेल तर पुन्हा. पाणी भराभर उतरलं तर वाळू जाड, थेंबाथेंबानं उतरलं तर फारच बारीक. दोन-तीनदा पिंप भरलं, उपसलं. बाहेर येणाऱ्या पाइपचं तोंड रश्मीनं मुद्दाम वाळूच्या पातळीपेक्षा तीन बोटं वर ठेवलं.

"ह्यां कित्याक?"

"म्हणजे वाळूवर कायम तेवढं पाणी राहतं. वाळू कधी सुकायची नाही. काका, रोज विहिरीचं पाणी ओतायचं. एक दिवसही चुकवायचं नाही. थोड्या आठवड्यांनी वर एक थर धरेल, पातळ, चिकट. त्यात जंतू असतात, पण ते आपले. आजाराच्या जंतूंना खातात."

"म्हणजे जंतवांनीच जंतू मारूचे?"

"हो."

"गिरणीत असाच होता. मुकादम आमच्यातलोच असायचो." दादूंनी पिंपात डोकावून बघितलं. "साय म्हण ना सरळ. दुधार धरता तशी."

तेव्हापासून तो थर म्हणजे साय. वरून पाणी धबकन पडून साय फाटू नये म्हणून भोकांची ताटली हवी होती. ती कमलकाकींच्या मोदकपात्रात होती.

"आणि चतुर्थीक मी मोदक कशार उकडू? तुझ्या डोक्यार?"

"चतुर्थीला परत देते, काकी."

"त्या शेवाळावरची? देवाक?" काकी कडाडल्या, आत गेल्या, भांड्यांचा खणखणाट केला आणि चाळण आणून रश्मीच्या हातात कोंबली. "घे. मेलंय मी ह्या पाण्याच्या पायात."

कमलकाकी अशाच. बोलून मारतील आणि देऊन मोकळ्या होतील. रश्मीच्या आईशी त्यांची वीस वर्षांची मैत्री. दुपारी येऊन उंबऱ्यात बसणार, तासभर आळीचं सगळं काढणार. आई विचारणार, "कमल, चहा टाकू?" आणि काकी म्हणणार, "नको गो, आत्ताच झालो." वीस वर्षं त्यांचा चहा आत्ताच झालेला असे. आईनं कारण कधी विचारलं नाही, आणि चहाचं विचारायचंही कधी सोडलं नाही.

साय धरली. पिवळट-तपकिरी, बुळबुळीत. आळी बघून गेली आणि नाकं मुरडून गेली.

"ताई, सरळ बोलतो," सुयोग मंडळाच्या शेडमध्ये म्हणाला. "माझी बायको म्हणते, तो गाळ घरात आणलास तर मी माहेरी. तू शिकलेली आहेस, तुझं खरं पण असेल. पण लोकांना दिसायला पाहिजे ना."

"दिसेल. दर शनिवारी बाटली भरू."

ती बाटली लॅबमधली, बोटभर, तळाशी औषध लावलेला कागद. तीत पाणी भरायचं आणि उबेला ठेवायचं. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर दोन दिवसांत ते शाईसारखं काळं पडतं. नसतील तर पिवळसर राहतं.

"बाटली दादूकाकांच्या घरची," सुयोग म्हणाला. "तुझ्या घरी पण एक पिंप लावलंयस, माहितेय मला. पण तुझ्या घरचं तू काय पण दाखवशील. दिवाळीपर्यंत काकांची एकपण बाटली काळी झाली नाही, तर मंडळ वरच्या आळीत घरटी एक पिंप बसवेल. माझी जबान. पण एक जरी काळी निघाली..."

"तर?"

"तर विषय बंद. परत मीटिंग नाय, परत पिंप नाय."

"कबूल," रश्मी म्हणाली. घरी आल्यावर तिनं श्वेताच्या फोटोवरची धूळ पुसली. आईनं ते बघितलं.

पावसाळाभर दादूंनी ते पिंप लेकीसारखं सांभाळलं. सकाळी उठून चूळ भरायच्या आधी एक कळशी. ओतताना हळू आवाजात "घे बाय, घे." शनिवारी दोन बाटल्या भरायच्या, एक विहिरीची, एक फिल्टरची, आणि टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सवर ठेवायच्या, कारण घरातली सगळ्यात उबदार जागा तीच. सोमवारी विहिरीची काळीकुट्ट. फिल्टरची पिवळी. दादू ती हातात घेऊन आळीभर फिरत. रश्मीनं सगळ्यांना बजावलं होतं, दिवाळीपर्यंत उकळूनच प्यायचं. दादू चोरून तसंच प्यायचे.

"काका, उकळलंत का?"

"चहाक उकळतंय ना रोज! तां काय खोटा?"

पितृपक्षातल्या पहिल्याच रविवारी सकाळी दादूंनी कळशी ओतली, ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "कमळे, वारो घाल गो जरा." काकी पंखा घेऊन येईपर्यंत मान कलली होती. सुयोगनं रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. दुपारी त्यांना टेकडीवरून खाली नेलं तेव्हा आळीतला एकही पुरुष मागं राहिला नव्हता.

तिरडी वळणाआड गेली आणि दादूंच्या थोरल्या बहिणीनं, घाटकोपरहून आलेल्या भामाआत्यांनी, पदर खोचला.

"पाणी ओता सगळा."

घरातून माणूस गेलं की घरातलं पाणी ठेवायचं नाही. बायकांनी हंडे उपडे केले, कळश्या ओतल्या, माठ बाहेर नेऊन फोडला, फ्रिजमधल्या बाटल्यासुद्धा रिकाम्या केल्या. पाण्याचा लोट उंबऱ्यावरून वाहत आळीत उतरला. रश्मी दारात उभी होती. तो लोट तिच्या पायांवरून गेला. मग भामाआत्यांचं लक्ष कोपऱ्याकडं गेलं.

"आणि ह्यां?"

"आत्या, ते राहू दे," रश्मी म्हणाली.

सगळ्या बायका वळल्या.

"कित्याक?"

"ते साठवलेलं पाणी नाही. ते रिकामं करायचं नसतं. सुकलं तर..."

"मनिस गेलो घरातसून. आणि पाणी ऱ्हवात?" आत्यांचा आवाज चिरकला. "आमच्यात चालणा नाय. तुमच्यात चालत असात."

रश्मीकडे उत्तर होतं. तिच्या आईकडे त्याहून जुनं उत्तर होतं. पण समोर नुकतंच माणूस उचललेली जागा होती, ओली, पिठाच्या रेघेनं आखलेली. कमलकाकी भिंतीला टेकून लादीकडे बघत होत्या. त्या तिथं नव्हत्याच.

आत्यांनी मोदकपात्राची चाळण उचलली आणि आत बघितलं.

"अगे आवशी! ही घाण? ही घाण पिऊन गेलो माझो भाव!"

तांब्यानं पाणी उपसलं. मग मुठी भरभरून वरची वाळू बादलीत काढली, तिच्यात धुण्याची पावडर टाकली आणि दोन्ही हातांनी चोळायला बसल्या. चोळत होत्या आणि रडत होत्या. पाणी बदलत होत्या, पुन्हा चोळत होत्या. त्यांच्याकडे भावासाठी करायला एवढंच उरलं होतं, त्याचं घर धुणं. वाळू पांढरी होऊन परत पिंपात पडली तेव्हा त्यांनी हात झटकले.

"बघ. आता झाला सफेद."

रश्मी उतार उतरून घरी आली. फिल्टरचा तिचा एक आराखडा होता, पन्नासदा खोडून काढलेला. त्यात खडी होती, वाळू होती, पाइपचं वळण होतं, रोजची कळशी होती. घरात माणूस मरतं, ते त्यात कुठंच नव्हतं.

तिसऱ्या दिवसापर्यंत आळीत बोललं जायला लागलं. आधी दबक्या आवाजात. "हार्ट कसलं? पोटातूनच सुरू होतं सगळं." "तो चिकटा रोज पोटात जात होता." कुणी रश्मीच्या तोंडावर बोललं नाही. ती विहिरीवर आली की बायका तेवढ्यापुरत्या हंड्यांबद्दल बोलत.

त्या संध्याकाळी ती आणि आई भात-वरणाचा डबा घेऊन वर गेल्या. परबांच्या घरात चूल पेटत नव्हती. आत्यांनी डबा घेतला आणि कोपऱ्यात ठेवला, इतरांच्या डब्यांपासून जरा लांब. टीव्हीवर चादर टाकलेली. रश्मीनं ती थोडी बाजूला केली. सेट टॉप बॉक्सवर शनिवारच्या दोन बाटल्या तशाच होत्या, दादूंनी भरलेल्या. विहिरीची काळी पडलेली. फिल्टरची पिवळी.

"रश्मी," भिंतीकडून आवाज आला. कमलकाकी तीन दिवसांत पहिल्यांदा बोलत होत्या. "तेका पाणी घालूक होया ना रोज?"

"हो, काकी."

"मी सुतकात. भामाबाय सुतकात. भावकीतला कोण हात लावचा नाय." त्यांनी मान वर केली. "तू आमच्या सुतकात नाय. तू घाल."

आत्या काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. रश्मीच्या आईनं लेकीकडे बघितलं. या घरात रश्मीनं पाण्याच्या भांड्याला कधी हात लावला नव्हता. तिनं कळशी उचलली, विहिरीवर गेली, भरून आणली आणि चाळणीवर हळूहळू ओतली. दादूंसारखं काही म्हणावं असं तिला वाटलं, पण तिनं कळशी जागेवर पालथी ठेवली.

शुक्रवारी सुयोगनं तिला बसस्टॉपवर गाठलं. रिक्षा बाजूला लावली, पण मीटर चालू असल्यासारखा भराभर बोलला.

"ताई, उद्याची बाटली राहू दे."

"का?"

"का काय? सुतक आहे घरात. कोण विचारणार नाय. पुढच्या महिन्यात कर सुरू. माझी जबान कायम."

रश्मीला कळत होतं. वाळू चोळून निघाली होती. उद्या बाटली भरली तर काळी होणार. महिनाभर थांबलं तर साय परत धरेल, दिवाळी तेव्हाही पुढंच असेल, शर्त शाबूत राहील आणि घराघरात पिंप येईल. सुयोग तिचं भलंच बघत होता. बस आली आणि गेली. ती चढली नाही.

"आणि तोपर्यंत सगळे म्हणत राहतील की काका त्या पाण्यानं गेले."

"विसरतील गं."

"मग पुढच्या दिवाळीत कुणीतरी घासेल. पावडर टाकून. आणि मला कुणी सांगणार नाही." तिनं बॅग खांद्यावर घेतली. "भरायची बाटली."

"काळी झाली तर मी शब्द फिरवणार नाय हां ताई. सगळ्यांसमोर बोललोय."

"नको फिरवूस."

सोमवारी संध्याकाळी ती वर गेली आणि परबांच्या ओट्यावर, दादू बसायचे तिथं, तीन बाटल्या मांडल्या. आळी गोळा झाली. कमलकाकी दारात, आत्या त्यांच्यामागं.

"ही विहिरीची," रश्मी म्हणाली. काळी. "ही दादूकाकांनी भरलेली, गेले त्याच्या आदल्या दिवशी. हेच पाणी ते पीत होते." पिवळी, उजेडात मधासारखी. "आणि ही परवाची. त्याच पिंपातली, साय काढून वाळू धुतल्यानंतरची."

तिसरी पहिलीइतकीच काळी होती.

सुयोगनं मधली बाटली उचलली, मावळतीकडं धरली, मग तिसरी धरली.

"म्हणजे गाळ होता तेव्हा पाणी साफ."

"हो."

"आणि साफ केल्यावर पाणी घाण."

"हो."

"वाट लागली डोक्याची," तो पुटपुटला, पण हसला नाही.

"म्हणजे माझ्या हातांनी..." भामाआत्या पुढं आल्या. दोन्ही तळवे त्यांनी समोर धरले होते, जणू अजून ओले असावेत. "तो पाणी पिऊन नाय गेलो?"

"नाही, आत्या."

"माझ्या हातांनी बिघडला?"

"तुम्ही घर धुतलंत. धुणारच. घरात कुणी गेलं तर याचं काय करायचं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्याच ध्यानात आलं नव्हतं."

आत्या ओट्यावर बसल्या. पिवळी बाटली त्यांनी सुयोगच्या हातातून घेतली आणि पदरात धरली. नंतर ती त्यांनी कुणालाच परत दिली नाही.

"शर्त हरलीस तू, ताई," सुयोग खाली बघत म्हणाला.

"हरले."

"सुयोग." कमलकाकी दारातून बोलल्या. "घरात इरजण मोडला तर काय करतत रे?"

"विरजण? शेजाऱ्याकडून वाटीभर आणतात."

"मगे? हिच्या घराक दुसरा पिंप हा ना?"

रश्मीनं काकींकडे बघितलं. लॅबमध्ये, पुस्तकात, कुठंतरी वाचलेलं तिला आठवलं: चालू फिल्टरवरचा थोडा थर नव्या वाळूवर सोडला तर लवकर धरतो. ते तिला माहीत होतं. पण दोन घरांची जोडी लावावी, आणि ती एकाच भावकीतली नसावी, म्हणजे एका घरात सुतक आलं तर दुसऱ्यात साय जिवंत राहील, हे तिच्या आराखड्यात नव्हतं. "दोन-दोन घरांची जोडी, वेगवेगळ्या भावकीतली," ती म्हणाली आणि बोटांनी दाखवलं: वरचं घर, खालचं घर.

"म्हणजे परबांच्या जोडीला तुम्ही?" मागून कुणीतरी विचारलं. आवाजात पुरेसा खवचटपणा होता.

"व्हय," कमलकाकी म्हणाल्या. "कोणाक काय त्रास?"

सुयोगनं मान खाजवली. "घरटी पिंप नाय देणार. शब्द म्हणजे शब्द. पण अजून दोन देतो, एक जोडी. माझं घर आणि माझ्या समोरच्यांचं. बायको माहेरी गेली तर जेवायला तुझ्याकडं येईन, ताई. बाकीचं पुढच्या पावसाळ्यात."

दोन पिंपं. रश्मीनं मनात उरलेली घरं मोजली नाहीत.

तेरावं झालं. तोवर ती रोज सकाळी बसच्या आधी वर जाऊन कळशी ओतत होती. काकींना ती म्हणालीही, थोडी साय मीच आणून सोडते. काकी म्हणाल्या, "नको. तेरावा होवूंदे. मी येतंय."

आणि एका सकाळी त्या आल्या. कपाळ मोकळं, हातात झाकणाची स्टीलची वाटी. उंबऱ्याशी थांबल्या, बसल्या नाहीत, सरळ आत आल्या. रश्मीनं आपल्या पिंपाची ताटली काढली आणि चमच्यानं, जखमेवरचा कापूस उचलावा तशी, चिमूटभर साय वाळूसकट उचलून वाटीत सोडली. वर तेच पाणी घातलं. काकींनी झाकण लावलं आणि वाटी पदराखाली घेतली.

"हळू न्या. हिंदकळू देऊ नका. ओतताना..."

"माका माहीत हा. ह्येंका रोज बघी होतंय."

ओट्याजवळून आईनं विचारलं, वीस वर्षं विचारते तसंच, पातेल्याकडे वळतच, "कमल, चहा टाकू?"

काकी दारात थांबल्या. वाटीवरचा हात त्यांनी नीट केला.

"टाक," त्या म्हणाल्या. "ह्यां वर ओतून येतंय."

आईनं पातेल्यात पाणी घातलं. मग थांबली, आणि अजून एक कप घातलं.